साठ हजारांत बसणारा कॅमेरा

तुळशीचं लग्न लागलं, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेनऊला, बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या घरी, कॅमेऱ्यासाठी साठ हजार रुपये मंजूर झाले. हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि मुलगी. साठपैकी चाळीस हजार बायकोचे. तिची भिशी त्या महिन्यात लागली होती. वीस हजार माझे.

'मंजूर' हा शब्द मुलीचा. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. आमच्याकडे पाच हजारांवरची कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन कोटेशनं लागतात, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग सही. ती सवय घरी आली आहे. फ्रिज तशाच पद्धतीनं आला, मिक्सरही. म्हणून त्या दिवशी मी म्हणालो, "तीन दुकानांत विचारू," तेव्हा मुलगी पोह्यांची बशी खाली ठेवून म्हणाली, "बाबा, आईला पसंत करताना पण तीन कोटेशनं घेतली होती का?"

"नाही," बायको म्हणाली. "ते सिंगल टेंडर होतं."

कॅमेरा कशासाठी हवा होता ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

माझी बायको खरवईची, आगरी घरातली. मी घाटावरचा, वडील नोकरीसाठी अंबरनाथला आले आणि इथलेच झाले. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. ती लग्नाची गाणी म्हणते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला वेगळा धवला असतो. कधी काय करायचं, कोणी पुढं यायचं, तांदूळ कुठे ठेवायचे, हे सगळं तीच सांगते. भटजी येऊन जातो. मांडव तिच्या ताब्यात असतो. खरवईतली ही धवलारीण म्हणजे बायकोची सख्खी मावशी. वय पंचाहत्तरीच्या पुढं. एकही धवला कुठे लिहिलेला नाही, सगळे तिच्या डोक्यात.

दिवाळीत फराळाला गेलो तेव्हा मावशी सहज बोलावं तसं बोलून गेली, "नातीचा लगीन झाला का माजा गाना बंद. दम पुरत नाय आता." नातीचं लग्न माघात होतं. परत येताना रिक्षात बायकोनं भिशीचा विषय काढला. मावशीचे धवले नीट, चेहऱ्यासकट, आवाजासकट उतरवून घ्यायचे आणि त्यासाठी कॅमेरा घ्यायचा. नातीच्या लग्नात घेतले तर घेतले. त्यानंतर ते कुठेच मिळणार नव्हते.

मोबाइलवर तिनं दोनदा प्रयत्न केला होता. पहिल्या वेळी मागं ढोल सुरू झाला, आणि मोबाइलनं ढोल तेवढा ऐकला. दुसऱ्या वेळी मध्येच गॅसवाल्याचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तिथंच तुटलं. घरी बोलावून गाऊन घ्यावं, तर मावशीला ते मान्य नव्हतं. "मांडव नाय, नवरी नाय, आनि धवला कोनाला म्हनू? तुमचे भिंतीला?"

आणखी एक गोष्ट होती. आमच्या लग्नात मावशीनंच धवले म्हटले होते, आणि आमच्या लग्नाचं शूटिंगही झालं होतं. कॅसेटमध्ये मावशी दिसते. हळदीच्या जात्याशेजारी बसली आहे, तोंड हलतं आहे, हातानं खूण करते आहे. पण शूटिंगवाल्यानं वरून सिनेमाचं गाणं घातलं. तेव्हा सगळेच तसं करायचे, आणि त्या गाण्याचे त्यानं शंभर रुपये जास्त घेतले होते. ते मीच दिले होते. बायकोनं त्यावरून मला कधी टोमणा मारला नाही, पण कॅसेट लागली की त्या जागी ती टीव्हीचा आवाज बंद करते आणि मावशीच्या ओठांकडे बघत राहते.

तर तीन कोटेशनं.

पहिलं बदलापुरात स्टेशनजवळ, दुसरं अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, तिसरं उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. तिन्ही ठिकाणी गोष्ट सारखीच निघाली. साठ हजारांच्या आत नवशिक्यांसाठीचा कॅमेरा येतो. त्याच्या वरच्या पायरीचा ऐंशीच्या पुढं जातो. मधल्या जागेत काहीच नाही. असलंच तर जुनं मॉडेल, त्याची एकच पेटी दुकानात उरलेली आणि तिच्यावर बोटभर धूळ.

मी तक्ता केला. डावीकडे अठरा ओळी, उजवीकडे दोन रकाने. लहान कॅमेरा बिलासकट बावन्न ते चोपन्न हजार. वजनाला हलका, माइक लावायला भोक आहे, पण आवाज कानाला लावून तपासायची सोय नाही. कार्ड एकच बसतं, आणि अंधुक उजेडात चित्राला दाणे येतात. मोठा चौऱ्याऐंशी हजार. दोन कार्डं, म्हणजे एक बिघडलं तर दुसऱ्यात राहतं. कानाला लावायची सोय आहे, बॅटरी जास्त चालते, हात हलला तरी चित्र हलत नाही, कमी उजेडात स्वच्छ. शंभरपैकी लहानाला एकसष्ट गुण पडले, मोठ्याला सत्त्याऐंशी.

उल्हासनगरचे दुकानदार सिंधी गृहस्थ, माझ्याच वयाचे. त्यांनी माझा तक्ता हातात घेऊन चष्मा वर सारून वाचला.

"साईं, आपने तो मेरा आधा काम कर दिया. सत्तासी नंबरवाला ले जाओ."

"वो साठ में नहीं बैठता."

"नहीं बैठता तो बिठाएंगे. किस्त कर देता हूँ. छोटा लोगे तो दो साल में फिर मेरे पास आओगे, बड़ा लेने. मेरा तो फायदा ही है. बोल रहा हूँ फिर भी."

बायको काउंटरवरचा मोठा कॅमेरा हातात घेऊन तोलत होती. परतताना ती म्हणाली, "अहो, एकच संधी आहे. तीस हजार वाचवले आणि ते दाणे-दाणे आले, तर मी ते तीस हजार काय करू?"

हप्ता मला पटत नाही. पण माझी एक आवर्ती ठेव फेब्रुवारीत पिकत होती. ती आधी मोडली तर व्याज किती बुडेल, हे मी तिला न सांगता काढून ठेवलं होतं. आकडा सोसण्यासारखा होता. मोठा घ्यायचा, असं माझ्या मनानं जवळजवळ ठरवलं होतं.

फक्त कारखान्यात नमुना तपासल्याशिवाय माल घेत नाहीत. उल्हासनगरचं ते दुकान कॅमेरे भाड्यानंही देत असे. लहान दिवसाला साडेसातशे, मोठा बाराशे. मार्गशीर्षात खरवईतच मावशीच्या शेजारच्या घरी लग्न होतं आणि धवले मावशीच म्हणणार होती. मी दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी घ्यायचं ठरवलं.

"नुसतं बघायला दोन हजार?" बायको म्हणाली.

"एकोणीसशे पन्नास."

"हो, मग ठीक आहे," मुलगी म्हणाली. "पन्नास रुपये वाचले आई. आपण श्रीमंत झालो."

हळद दळायचा कार्यक्रम सकाळी होता. दारात मांडव, मांडवाला गुलाबी कापड, आणि त्यातून गाळून आलेल्या उन्हानं सगळ्यांचे चेहरे गुलाबी. तक्त्यातली ती एकोणिसावी ओळ मी मनात टिपून घेतली. मधोमध जातं मांडलेलं, त्याला आंब्याची डहाळी बांधलेली, भोवती सवाष्णी. मावशी पाटावर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. बायकोनं समोर तिपाई उभी केली आणि तिच्यावर आधी मोठा कॅमेरा चढवला.

मावशीनं तो पाहिला. "ही कं तोफ हाय? मांडवान लढाई हाय का?"

बायका हसल्या. बायकोही हसली, आणि कॅमेऱ्यामागं स्टुलावर बसून तिनं बटण दाबलं. मावशीनं जात्याचा खुंटा धरला, डोळे मिटले आणि पहिली ओळ म्हटली.

मग ती थांबली.

मला वाटलं, दम लागला. थोड्या वेळानं तिनं दुसरी ओळ घेतली आणि पुन्हा थांबली. जात्याभोवतीच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एकीनं ओळीचं शेवटचं अक्षर तेवढं ओढलं, दुसरी नुसतीच गुणगुणली. तिसऱ्या ओळीनंतर मावशीनं डोळे उघडले आणि सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माझ्या बायकोकडे पाहिलं.

"तू कं तिकरं बसलीस? ओल कोन उचलनार? तुजा नवरा?"

मांडव हसला. मीही हसलो, कारण माझ्याकडेच सगळे बघत होते. बायको मात्र हसली नाही. तिनं कॅमेऱ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला.

धवला एकटीचा नसतो, हे मला इतकी वर्षं जावई असून माहीत नव्हतं. धवलारीण एक ओळ म्हणते, शेजारी बसलेली बाई ती ओळ उचलून पुन्हा म्हणते, आणि तेवढ्या वेळात धवलारीण श्वास घेते, पुढची ओळ आठवते. उचलणारी नसेल तर गाणं लंगडतं. मावशीची ओळ तिची जाऊही उचलायची. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्याआधीपासून, फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून, मावशीच्या डाव्या हाताला बसून ओळ उचलायची ती माझी बायको. लग्न होऊन हेंद्रेपाड्याला आली तरी खरवईच्या प्रत्येक लग्नात ती जाऊन त्याच जागी बसते. हे मी पाहिलेलं होतं. मला वाटायचं, मावशीला सोबत म्हणून बसते.

आणि तिलाही ते सुचलं नव्हतं. शेजारी बसणं, ओळ उचलणं, हे आपण काही करतो आहोत असं तिला कधी वाटलंच नव्हतं. साठ हजार जमवून तिनं स्वतःला उचलून कॅमेऱ्यामागं नेऊन बसवलं होतं.

ती उठली आणि मावशीच्या डाव्या हाताला जाऊन बसली. तिपाईवर कॅमेरा चालूच होता, पण चौकटीत आता मावशीचा उजवा खांदा, जातं आणि एका काकूंचा अंबाडा. पुढचा पाऊण तास मी कॅमेऱ्याशेजारी उभा होतो. चौकट सरकवायला मी वरची एक चकती फिरवली, तर पडद्यावर सगळं पांढरं झालं. दुसरी फिरवली, तर काळं. मुलगी येऊन सरळ करून गेली. ती गेल्यावर मी कशालाच हात लावला नाही.

मग दळण संपायच्या आत लहान कॅमेऱ्यावर थोडं घेतलं. त्याला एक हिरवी खूण आहे. तिथं चकती ठेवली की बाकीचं तोच बघतो, आणि एक लाल बटण. तेवढं मला जमलं.

परतताना रिक्षात कॅमेऱ्यांच्या दोन पिशव्या मुलीच्या मांडीवर.

"नातीच्या लग्नात मी कॅमेऱ्यामागंच बसते," बायको म्हणाली. "मावशीला समजावते. एक दिवस म्हण एकटी."

"आज म्हटलं ना एकटीनं. तीन ओळी झाल्या."

"मी बसले शेजारी तर माझा आवाज येईल त्यात. मला तिचा हवाय."

"तिचा तुझ्याशिवाय येत नाही," मी म्हणालो.

"मग कॅमेरा कोण धरणार?" ती म्हणाली. मुलीकडे पाहून उपयोग नव्हता. ती करवली होती, नवरीला सोडून हलणार नव्हती. बाहेरचा शूटिंगवाला बायकोला नको होता, का ते मी विचारलं नाही.

"मी धरतो."

दोघी एकदम हसल्या. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुम्ही सेल्फी काढता तेव्हा फक्त कान येतो. तो पण एकच."

"म्हणूनच सराव करायचा आहे," मी म्हणालो. "मावशीला मी लग्नात पन्नास वेळा पाहिलंय. ती कुठं हात करते, मला ठाऊक आहे."

बायको हसायची थांबली आणि तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. नवीन लुगडं उलगडून किनार बघतात, तसं.

घरी आल्यावर मी तक्ता काढला. अठरा ओळी कॅमेऱ्याबद्दल होत्या. तो कोण धरणार, याबद्दल एकही नव्हती. मी खाली लिहिलं: 'चालवणारा: मी.' आणि सगळे गुण पुन्हा दिले. मोठ्या कॅमेऱ्याचं प्रत्येक जास्तीचं बटण आता त्याच्या बाजूनं नव्हतं. माझा चष्मा बायफोकल, बोटं जाड, आणि मोठ्या कॅमेऱ्यानं सकाळी माझी काय अवस्था केली ते मांडवानं पाहिलं होतं. शिवाय हळद सकाळी, भर उजेडात, त्यामुळे अंधारातल्या दाण्यांची भीती निम्म्यानं कमी झाली. राहिला आवाज. भाड्याच्या दिवसाचं आम्ही ऐकून पाहिलं. दोन्ही कॅमेऱ्यांचा स्वतःचा आवाज सारखाच वाईट होता. दोघांनीही जातं ऐकलं होतं, मावशी लांब कुठेतरी. म्हणजे चौऱ्याऐंशी हजार देऊनही माइक वेगळा घ्यावाच लागणार होता.

"मग तीस हजारांनी मला काय मिळत होतं?" बायकोनं विचारलं.

"दुसरं कार्ड, कमी दाणे, आणि चांगला चालवणारा असता तर बरंच काही."

"चालवणारा आहे तोच ठेवू," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी उल्हासनगरला गेलो. दुकानदारांनी पाहिल्याबरोबर मोठ्या कॅमेऱ्याची पेटी काढायला सुरुवात केली. मी लहान म्हणालो, तेव्हा त्यांचा हात वरच्या फळीवरच थांबला.

"लोग नीचे से ऊपर जाते हैं साईं. आप ऊपर से नीचे आ रहे हो."

"चलाना मुझे है," मी म्हणालो.

त्यांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि लहान काढला. कॅमेरा लेन्ससह बावन्न सांगून साडेएक्कावन्नला आला. बिनतारी माइकची जोडी, पदराला लावायची, एक मावशीला आणि एक ओळ उचलणारीला, अठ्ठेचाळीसशे. कार्ड नऊशे. तिपाई सोळाशे. एकूण अठ्ठावन्न हजार आठशे. आधीचं भाडं एकोणीसशे पन्नास धरलं तर साठ हजार सातशे पन्नास, म्हणजे मंजुरीच्या वर. मी तसं सांगितलं. भाड्यानं तुमचाच माल तपासला आणि तुमच्याकडूनच घेतला, तेव्हा निम्मं भाडं वजा व्हायला हवं.

"आप सरकारी नौकरी में हो क्या?"

"नहीं. स्टोअर में."

"उससे भी खराब," ते म्हणाले आणि नऊशे पंच्याहत्तर वजा केले. पिशवी फुकट दिली. पक्कं बिल, वॉरंटी कार्डावर शिक्का. घरी येऊन जमा-खर्च मांडला. साठ हजारांतले दोनशे पंचवीस उरले. ते मी एका पाकिटात घालून बायकोला दिले. तिनं ते देवाजवळ ठेवलं.

मग माझा सराव. बायको कांदा चिरताना, मुलगी केस विंचरताना, खाली सोसायटीचा वॉचमन खुर्चीत डुलक्या घेताना. मुलगी दर शनिवारी गुण देई. पहिल्या शनिवारी दहापैकी तीन, तेही माणूस ओळखू आला म्हणून. कॅमेरा गळ्यात अडकवून मी घरभर फिरायचो. बायको म्हणायची, "अहो, ते काढून जेवा."

एका दुपारी ती खिडकीपाशी तांदूळ निवडत बसली होती. मी तिपाई लावली, माइक तिच्या पदराला लावला आणि अर्धा तास नुसता तिच्याकडे कॅमेरा धरून बसलो. चौकट न हलवता बसता येतं का, एवढंच बघायचं होतं. नंतर ऐकलं तर तांदळाच्या आवाजाखाली ती हळू गुणगुणत होती. ओळ म्हणायची, थांबायची, पुन्हा म्हणायची. दोघींचं एकटीच.

मी तिला ऐकवलं. तिनं माझ्या हातातून कॅमेरा घेऊन ते पुसून टाकलं. "भिंतीला म्हणायचं नसतं," ती म्हणाली. पण रागावली नाही. मी ते पुसू द्यायला नको होतं असं मला आजही वाटतं, पण कॅमेऱ्यातले दोन तृतीयांश पैसे तिचे होते.

माघात नातीचं लग्न आलं. हळदीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी खरवईत पोचलो आणि मांडवात जागा धरली. मावशी बसली. मुलीनं तिच्या पदराला माइक लावला.

"हा कं लावतंस गो? शॉक लागल."

"नाही लागत आजी. बॅटरीवर आहे."

"नवऱ्या मुलाला लाव. त्याला लागू दे."

दुसरा माइक बायकोला. ती डाव्या हाताला बसली. हेडफोन लावायची सोय आमच्या कॅमेऱ्याला नव्हती, म्हणून आधी मिनिटभर घेऊन, ऐकून, पुन्हा सुरू केलं. हिरवी खूण, लाल बटण. मावशीनं खुंटा धरला, डोळे मिटले.

पहिल्या धवल्यात देवांना बोलावतात: घरचे, गावचे, वेशीवरचे. मावशी ओळ टाकायची, बायको उचलायची, आणि मधे जात्याची घरघर. मावशीचा आवाज वर चढत नव्हता आता, पण तिनं तो चढवायचा प्रयत्नही केला नाही. चढायची जागा आली की ती थोडं थांबायची, आणि बायको चढायची. हे त्यांनी ठरवलं नव्हतं. एकदा बायकोचा आवाज मधेच अडकला. मावशीनं डोळे न उघडता डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि तीच ओळ पुन्हा टाकली. बायकोनं उचलली. माझं काम होतं चौकट न हलवणं. ती हलली नाही.

थोड्या वेळानं हळद लावायला सुरुवात झाली आणि आगऱ्यांच्या हळदीत कोणी कोरडा राहत नाही. नवरीच्या मामानं मागून येऊन माझ्या दोन्ही गालांना हळद फासली. मी हात सोडला नाही, पण त्याचं एक बोट काचेला लागलं. तेव्हापासून चित्राच्या उजव्या कोपऱ्यात वर एक पिवळा डाग आहे. सुरुवातीला काही वेळ मावशीचं कपाळही वरून कापलं गेलं आहे. उजेड गुलाबी आहे. आवाज मात्र सगळा आहे. मावशीचा, बायकोचा, जात्याचा, आणि मधे एकदा स्पष्ट ऐकू येतं, मावशी माझ्याकडे बघून शेजारणीला म्हणते, "बरा हाय जावय. हलत नाय."

मुलीनं नंतर विचारलं, वरून मागं थोडं म्युझिक घालू का. बायको आणि मी एकाच वेळी नको म्हणालो.

धवलारणीला मान द्यायचा असतो: लुगडं, नारळ, तांदूळ, दक्षिणा. पण हे लग्न तिच्याच घरचं. मान देणारं घर आणि घेणारी बाई एकच, त्यामुळे या वेळी तिला कोणी काही देणार नव्हतं. मी बायकोला पाकिटाची आठवण केली. दोनशे पंचवीस त्यातले आणि दोनशे शहात्तर माझ्या खिशातले, असे पाचशे एक रुपये मी ताटात ठेवले. वर नारळ आणि बायकोनं आणलेलं लुगडं. मावशीनं लुगडं बाजूला ठेवलं, नोटा मोजल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"निम्मा तिचा. ओल उचलली तिनी."

पाचशे एकचे निम्मे दोनशे पन्नास रुपये पन्नास पैसे होतात. मी तसं सांगितलं.

"वरचा रुपया तिला दे," मावशी म्हणाली. "पुढं तिलाच लागल."

त्याप्रमाणे दोनशे पन्नास मावशीला आणि दोनशे एक्कावन्न माझ्या बायकोला दिले.